मराठी मॅन्युअलमधली लघुरूपं: नोंद एकच, प्रत्यय टॅगच्या बाहेर

मी सौर कृषी पंपांच्या कंट्रोलरची मॅन्युअल्स मराठीत लिहिते. एमपीपीटी, व्हीएफडी, एसपीडी, एमसीबी, आरएमएस, टीडीएच, आयपी 65 ही लघुरूपं त्यात पानोपानी येतात. वाचणारा बहुतेक वेळा शेतावर असतो, पॅनेलचं दार उघडं, एका हातात मोबाइल आणि त्यावर आमची पीडीएफ. ‘एसपीडीची खिडकी लाल झाली असेल तर तो बदला’ (एसपीडी म्हणजे विजेच्या लोटापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) हे वाक्य त्याला कळलं नाही, तर तो परिशिष्ट शोधत बसत नाही. तो फोन लावतो, किंवा अंदाजाने हात घालतो. आत सौर पॅनेलची डीसी वीज आहे, त्यामुळे अंदाज मला नको आहे.

म्हणून लघुरूप आणि त्याचा अर्थ यांची गाठ फाइलीतच बांधून ठेवायची, लेखकाच्या आठवणीवर सोडायची नाही. हे काम मराठीत कसं करायचं, ते इथे सांगते. इंग्रजीसाठी लिहिलेले नियम जसेच्या तसे आणले तर आपल्याकडे कुठे अडतं, तेही त्यात येईल. टॅग म्हणजे मजकुराच्या एखाद्या तुकड्याचं काम सांगणारी, कोनी कंसातली खूण. टॅगांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे. फाइलीत ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

कशाला टॅग लावायचा

पहिलं काम यादीचं, आणि यादीतून गाळण्याचं. पीव्हीसी पाइपचं ‘पॉलिव्हिनाइल क्लोराइड’ सांगून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. एलईडी, सिम, एचपी यांचंही तसंच. ‘पाच एचपीची मोटर’ हे तो रोज बोलतो. माझी कसोटी अशी: वाचणारा माणूस दुकानात किंवा वायरमनशी बोलताना हे लघुरूप स्वतःहून वापरतो का? वापरत असेल तर टॅग नको. प्रत्येक लघुरूपाखाली ठिपक्यांची रेघ आली की वाचकाची नजर अडखळते, आणि जिथे खरंच थांबायला हवं तिथे ती थांबत नाही.

या कसोटीला एक अपवाद ठेवा. लघुरूप सगळ्यांच्या तोंडी आहे, पण प्रत्येकाच्या डोक्यात अर्थ वेगळा, असं असेल तर ते टॅगमध्ये घ्यायलाच हवं. ‘डीपी’ घ्या. गावात डीपी जळाली म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला. नगररचना कार्यालयात डीपी म्हणजे विकास आराखडा. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘डीपी एमसीबी’ मागितला तर दुकानदार दोन खांबांचा, म्हणजे डबल पोल एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) काढून देतो. पंपाच्या मॅन्युअलमध्ये पहिला आणि तिसरा अर्थ एकाच पानावर येऊ शकतो. मी तिथे ‘डबल पोल’ असं पूर्णच लिहिते आणि ‘डीपी’ फक्त ट्रान्सफॉर्मरसाठी राखून ठेवते.

एककं या यादीत घेऊ नका. व्होल्ट, ॲम्पियर, किलोवॅट यांची आंतरराष्ट्रीय पद्धतीतली अक्षरं ही चिन्हं मानली जातात, लघुरूपं नव्हेत. मराठी मजकुरात तर ‘कि.वॅ.’ लिहिण्यापेक्षा ‘किलोवॅट’ लिहावं, सोपं पडतं.

टिंबाची लघुरूपं, म्हणजे उदा., क्र., आ., पृ., ता., जि., ही शक्य तितकी काढून टाका. ‘आ. क्र. 4 पाहा’ हे वाक्य अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं की प्रत्येक टिंबाशी तुटतं आणि अनुवादकाच्या पुढ्यात ‘आ.’ एवढंच एक वाक्य येतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तिथे पूर्णविरामाचा थांबा घेतं. ‘आकृती 4 पाहा’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. जी टिंबं ठेवावीच लागतात, पत्त्यातलं ‘ता.’ आणि ‘जि.’ किंवा ‘रु.’, ती अनुवाद-साधनाच्या वाक्य तोडण्याच्या नियमांत अपवाद म्हणून भरून ठेवा. देवनागरीत लघुरूपासाठी वेगळं गोल चिन्ह युनिकोडमध्ये आहे, पण ते हिंदीत जास्त दिसतं. मराठी वाचकाला ते शून्यासारखं वाटतं, म्हणून मी वापरत नाही.

पूर्ण रूप वेगळं, अर्थ वेगळा

‘व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह’ हे व्हीएफडीचं पूर्ण रूप झालं. त्यातून शेतकऱ्याला काय कळलं? काहीच नाही. त्याला हवं आहे ते असं: पॅनेलची डीसी वीज घेऊन मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी वीज देणारं उपकरण, ऊन कमी-जास्त झालं की मोटरचा वेग हेच बदलतं. हा अर्थ. इंग्रजी वाचणाऱ्याला पूर्ण रूपातून निदान अर्धा अर्थ मिळतो. मराठी वाचकाला बरेचदा तेवढाही मिळत नाही. त्यामुळे दोन्ही गोष्टी लिहायच्या, आणि दोन वेगळ्या जागी लिहायच्या.

डिटामध्ये या दोन जागा तयार आहेत. डिटा ही मुळात आयबीएममध्ये घडलेली आणि 2005 पासून ओअ‍ॅसिस या संस्थेचं मानक असलेली, मॅन्युअलसारखा मजकूर टॅगांत लिहिण्याची रचना. 2010 च्या 1.2 आवृत्तीत तिच्यात लघुरूपांची नीट सोय झाली. एका लघुरूपाची एक नोंद, ती अशी दिसते:

<ग्लॉसएन्ट्री आयडी="ड्राइव्ह-व्हीएफडी">
 <ग्लॉसटर्म>व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह</ग्लॉसटर्म>
 <ग्लॉसडेफ>सौर पॅनेलची डीसी वीज घेऊन मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी वीज देणारं उपकरण.</ग्लॉसडेफ>
 <ग्लॉसबॉडी>
  <ग्लॉससरफेसफॉर्म>व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह म्हणजेच व्हीएफडी</ग्लॉससरफेसफॉर्म>
  <ग्लॉसऑल्ट>
   <ग्लॉसॲक्रोनिम>व्हीएफडी</ग्लॉसॲक्रोनिम>
  </ग्लॉसऑल्ट>
 </ग्लॉसबॉडी>
</ग्लॉसएन्ट्री>

टाइप करताना एक लक्षात ठेवा. ग्लॉसएन्ट्री, ग्लॉसटर्म, ग्लॉसडेफ ही पूर्ण लहान अक्षरांत. बॉडी, सरफेस, फॉर्म, ऑल्ट, ॲक्रोनिम यांचं पहिलं अक्षर मोठं. एक्सएमएल या बाबतीत काटेकोर आहे.

ही नोंद मॅपमध्ये, म्हणजे मॅन्युअलमधल्या विषयांची यादी असलेल्या फाइलीत, ग्लॉसरेफने जोडायची आणि तिला एक की, म्हणजे बोलावण्याचं नाव, द्यायची. मग मजकुरात व्हीएफडी हे अक्षरशः कधीच लिहायचं नाही. तिथे ‘ॲब्रिव्हिएटेड-फॉर्म’ हा रिकामा टॅग ठेवायचा आणि त्याच्या कीरेफमध्ये ती की लिहायची. छापताना प्रोसेसर, म्हणजे या फाइलींतून पीडीएफ किंवा वेबपान काढणारं सॉफ्टवेअर, पहिल्या जागी सरफेस फॉर्म घालतो, पुढे नुसतं व्हीएफडी.

डॉकबुक या तशाच दुसऱ्या रचनेत काम असेल तर ग्लॉसएन्ट्रीत ग्लॉसटर्म, ॲक्रोनिम आणि ग्लॉसडेफ असंच असतं. फरक एवढाच की पहिल्या वेळचा उल्लेख कोणता हे तिथे लेखकाने ‘फर्स्टटर्म’ टॅग लावून स्वतः सांगायचं. परिच्छेद मागेपुढे हलवले की तो टॅगही हलवावा लागतो आणि ते राहून जातं, म्हणून मोठ्या मॅन्युअलसाठी मला डिटा बरं वाटतं.

प्रत्ययाचं काय करायचं

इंग्रजी मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही, आणि आपलं सगळं काम तर याच्यावरच अडतं. आपण ‘व्हीएफडीला’, ‘व्हीएफडीच्या’, ‘व्हीएफडीत’ असं जोडून लिहितो. नियम असा: टॅगमध्ये फक्त मूळ लघुरूप, प्रत्यय टॅग संपल्यावर लगेच, मध्ये जागा न सोडता.

<ॲब्रिव्हिएटेड-फॉर्म कीरेफ="ड्राइव्ह-व्हीएफडी"/>ला पाणी लागू देऊ नका.

आता सरफेस फॉर्मकडे पाहा. इंग्रजीत तिथे पूर्ण रूप आणि कंसात लघुरूप लिहायची पद्धत आहे. तीच आपण उचलली तर पहिल्या जागी छापून येतं: ‘व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (व्हीएफडी)ला पाणी लागू देऊ नका.’ कंसाला चिकटलेला ‘ला’ वाचवत नाही. उलटं केलं, लघुरूप आधी आणि पूर्ण रूप कंसात, तरी प्रत्यय कंसालाच चिकटतो. म्हणून मराठी सरफेस फॉर्म नेहमी लघुरूपावर संपवायचा आणि त्यात कंस ठेवायचा नाही. ‘व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह म्हणजेच व्हीएफडी’ असा साठवला की पुढे काहीही लागलं तरी वाक्य उभं राहतं: ‘म्हणजेच व्हीएफडीला’, ‘म्हणजेच व्हीएफडीच्या’, ‘म्हणजेच व्हीएफडीमधून’. तुम्हाला या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

आणखी एक खाच आहे. ला, चा, ने, त हे प्रत्यय व्यंजनापासून सुरू होतात, त्यामुळे टॅगबाहेर सुखाने राहतात. पण लघुरूप अकारान्त असेल आणि तुम्ही ‘नाबार्डाने’ असं लिहीत असाल, तर ‘ा’ ही मात्रा एकटीच टॅगच्या बाहेर पडते. काही ठिकाणी ती नीट जुळते, काही ठिकाणी तिच्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ येतं. अशा नावांसाठी घरचा नियम ठरवून टाका: ‘नाबार्डने’, ‘नाबार्डचा’, सामान्यरूप न करता. ही रूपं आज बोलण्यात रुळलेली आहेत, कानाला खटकत नाहीत.

लिंगसुद्धा नोंदीतच लिहून ठेवा. ‘एमसीबी पडला’ की ‘एमसीबी पडली’? पूर्ण रूपाचं लिंग आणि लघुरूपाचं लिंग वेगळं असलं तर पहिल्या वाक्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं क्रियापद होतं. आमच्याकडे सर्व्हिसची माणसं जे बोलतात ते प्रमाण: तो एमसीबी, तो व्हीएफडी, ती डीपी, ते आरएमएस. हे ‘ग्लॉसयूसेज’ या टॅगमध्ये मावतं (यूसेजचा यू मोठा), आणि दोन लेखक एका मॅन्युअलवर काम करत असतील तर त्याचा फार उपयोग होतो.

अक्षरं तीच, अर्थ दोन

सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये आरएमएस असतं, रिमोट मॉनिटरिंग सिस्टीम. सिम कार्डावरून ते पंपाची माहिती सर्व्हरला पाठवतं. त्याच मॅन्युअलच्या तांत्रिक तक्त्यात ‘आउटपुट व्होल्टेज, आरएमएस’ असंही असतं, आणि तिथे आरएमएस म्हणजे रूट मीन स्क्वेअर. आपण ज्याला 230 व्होल्ट म्हणतो ते हेच मूल्य. त्या विजेच्या लाटेचं शिखर सुमारे 325 व्होल्टपर्यंत जातं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ‘आरएमएस तपासा’ या सूचनेवर एक जण सिम काढून पाहील आणि दुसरा मल्टिमीटर लावेल.

आयपीचंही तेच. कंट्रोलरच्या पेटीवर आयपी 65 लिहिलेलं असतं: 6 म्हणजे धूळ आत शिरत नाही, 5 म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने बिघडत नाही. दोन पानं पुढे आरएमएसच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा आयपी ॲड्रेस येतो.

म्हणून कीचं नाव अक्षरांवरून देऊ नका, अर्थावरून द्या. नुसती ‘आरएमएस’ अशी की करू नका. ‘निरीक्षण-आरएमएस’ आणि ‘मूल्य-आरएमएस’ अशा दोन करा. ‘संरक्षण-आयपी’ आणि ‘नेटवर्क-आयपी’ तसंच. की रोमनमध्ये असली तरी तत्त्व हेच. लिहिणाऱ्याला टॅग घालताना क्षणभर थांबून ‘यातला कोणता?’ हे ठरवावं लागतं, आणि तेच आपल्याला हवं आहे. दोन्ही अर्थ एकाच प्रकरणात येत असतील तर मी एकाचं लघुरूप सोडूनच देते. मूल्यासाठी ‘प्रभावी व्होल्टेज’ लिहिते, कारण आरएमएस म्हटल्यावर मेकॅनिकच्या मनात सिमवालंच येतं.

नाव बदलतं तेव्हाही अर्थावरून दिलेली की कामाला येते. राज्य वीज मंडळाचं 2005 मध्ये विभाजन झालं, वितरण महावितरणकडे गेलं. तरी लोक आजही ‘एमएसईबीचा माणूस’ म्हणतात. की ‘वीज-वितरण’ असेल तर ग्लॉसटर्ममध्ये महावितरण येतं आणि एमएसईबी हे ‘ग्लॉससिनोनिम’ म्हणून त्याच नोंदीत राहतं. मजकुरात कुठेही हात लावावा लागत नाही.

पहिल्यांदा म्हणजे कुठे

‘पहिल्या उल्लेखात पूर्ण रूप द्या’ हा नियम पुस्तकासाठी ठीक आहे. मॅन्युअल कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. ‘पंप सुरू होत नाही’ हे पान उघडतात आणि तेवढंच वाचतात. म्हणून पूर्ण रूप दर विषयाच्या सुरुवातीला यायला हवं. तुमचा प्रोसेसर ‘पहिला’ कशाला मानतो, अख्ख्या पुस्तकात, प्रकरणात की एका विषयात, हे छोटी फाइल करून तपासा आणि गरज असेल तर स्टाइलशीटमध्ये बदलून घ्या.

दोन जागी प्रोसेसरवर विसंबू नका. शीर्षकात रिकामा टॅग ठेवला तर अनुक्रमणिकेतला उल्लेख पहिला धरला जाण्याची शक्यता असते, म्हणून शीर्षकात शब्द स्वतः लिहा. आणि धोक्याच्या सूचनेत लघुरूप असूच नये. ‘एसपीडी काढण्यापूर्वी डीसी बंद करा’ यापेक्षा ‘विजेच्या लोटापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस काढण्यापूर्वी सौर पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा सर्किट ब्रेकर बंद करा’ हे लांब आहे, पण तिथे लांबच हवं.

पॅनेलवर रोमनमध्ये छापलेली अक्षरं हा वेगळा प्रकार. बटणावर जे छापलंय ते लघुरूप म्हणून नाही, लेबल म्हणून टॅग करा (डिटात ‘यूआयकंट्रोल’), आणि लिपी बदलू नका. वाचकाला ती अक्षरं पॅनेलवरच्या अक्षरांशी चित्रासारखी जुळवून पाहायची असतात.

वेबपानावर

एचटीएमएलमध्ये ए-बी-बी-आर या चार अक्षरांचा (पुढे ‘ॲबर’) टॅग आहे, आणि पूर्ण रूप त्याच्या ‘टायटल’मध्ये जातं. पूर्वी ‘ॲक्रोनिम’ असाही टॅग होता. तो एचटीएमएल 5 ने बाद केला. मराठीत तो भेद तसाही लागत नाही. इंग्रजीत एखादं लघुरूप शब्दासारखं वाचायचं की एकेक अक्षर, हे नुसतं बघून कळत नाही. देवनागरीत ‘नाबार्ड’ आणि ‘व्हीएफडी’ लिहिलं की उच्चार समोरच आहे.

टायटलमध्ये फक्त पूर्ण रूप लिहायचं, व्याख्या नाही. मानकही तेच सांगतं. पण एवढ्यावर थांबू नका. टायटलमधला मजकूर माउस वर नेला तरच दिसतो. मोबाइलवर बोटाने दिसत नाही, कीबोर्डने पोचता येत नाही, आणि स्क्रीन रीडर तो वाचेल की नाही हे त्याच्या सेटिंगवर असतं. आमचा वाचक मोबाइलवरच आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात पूर्ण रूप उघड मजकुरात आणि शब्दसूचीची लिंक, मग पुढच्या उल्लेखांना ॲबर टॅग. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी 2.0 (2008) या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये लघुरूपांची अट आहे, 3.1.4 क्रमांकाची, सर्वांत वरच्या एएए पातळीवर. उघड मजकूर, लिंक आणि ॲबर टॅग हे तिन्ही मार्ग तिथे मान्य आहेत.

टॅग केलेल्या पीडीएफमध्येही पूर्ण रूप ठेवायला जागा असते, पण ते आपोआप तिथे जातंच असं नाही. फाइल बनल्यावर एखादं लघुरूप उघडून तपासा.

शब्दसूची लावताना

अकारविल्हे लावण्याचं काम यंत्रावर सोडलं तर ‘ॲ’ गडबड करतो. एका बटणात उमटणारा ‘ॲ’ युनिकोडमध्ये 2008 साली आला आणि त्याचा क्रमांक ‘ह’च्याही पुढचा आहे. नुसत्या क्रमांकाने लावलेल्या सूचीत ‘ॲरे’ आणि ‘ॲम्पियर’ शेवटच्या पानावर जाऊन बसतात. शिवाय ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं जुनं रूप डोळ्यांना जवळजवळ तसंच दिसतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही. पूर्ण फाइलीत एकच रूप ठेवा. क्रमासाठी डिटा 1.3 मध्ये ‘सॉर्ट-ॲज’ हा टॅग आहे, डॉकबुकमध्ये ‘सॉर्टॲज’ ही खूण आहे. तिथे ‘अरे’, ‘अम्पियर’ असं लिहून दिलं की नोंदी ‘अ’खाली येतात.

जुनं मॅन्युअल हाती आलं तर

आधी लघुरूपांची यादी, मग कसोटी, मग नोंदी, आणि बदल सर्वांत शेवटी. ‘सगळीकडे बदला’ हे बटण एकदम दाबू नका. ‘डीसी’ बदलायला गेलात तर ‘बीएलडीसी’ (ब्रशलेस डीसी मोटर) या शब्दाच्या पोटातला डीसीही बदलतो. शब्दाची सीमा ओळखणारी खूण वापरून हे टळेल असं वाटतं, पण काही साधनं मात्रेला अक्षर धरतच नाहीत. त्यांच्या मते ‘डी’मधला ‘ड’ संपला की शब्द संपला. त्यामुळे लांब लघुरूपं आधी बदला, छोटी नंतर: बीएलडीसी आणि एमसीसीबी, मग एमसीबी, मग डीसी आणि एसी. दोन अर्थांची लघुरूपं, आरएमएस आणि आयपी, एकेक जागा वाचूनच बदलायची. त्याला वेळ लागतो, तो द्या.

काम झालं की मराठी आवाज लावलेल्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, दोन-चार विषय ऐका. तुटलेला प्रत्यय, चुकीच्या जागी आलेला थांबा, दोनदा आलेलं पूर्ण रूप डोळ्यांना निसटतं, कानाला लगेच कळतं. मग नोंदींची फाइल सर्व्हिसच्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडे द्या आणि अर्थ त्याच्या शब्दांत बरोबर बसतात का ते विचारा. त्याने सुचवलेला बदल त्या एकाच फाइलीत करा आणि मॅन्युअल पुन्हा काढा.